प्लॅस्टिकच्या खुर्चीत दगडाची पूड असते. ती भेसळ की ताकद, हे ठरवतो एक न दिसणारा थर

मंगल कार्यालयात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी आपण तिची पाठ हलकेच मागे दाबून बघतो. पाय फाकताना दिसले की गुपचूप दुसरी खुर्ची ओढतो. दुकानात खुर्ची विकत घेताना मात्र आपली चाचणी बदलते. तिथं आपण ती एका हाताने उचलतो आणि जड लागली की म्हणतो, 'माल दमदार आहे.'

गंमत अशी की हा जडपणा प्लॅस्टिकचा असेलच असं नाही. तो दगडाचा असू शकतो. अगदी खराखुरा दगड, म्हणजे चुनखडी किंवा संगमरवर दळून केलेली बारीक पूड. केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं कॅल्शियम कार्बोनेट ते हेच. कोंबडीच्या अंड्याचं कवचही जवळजवळ त्याचंच असतं.

हे कळलं की पहिला शब्द तोंडात येतो तो 'भेसळ'. आणि कधीकधी ती भेसळ असतेही. पण तुमच्या घरातला पीव्हीसी पाइप, गाडीचा बंपर, विजेच्या वायरचं आवरण आणि डेंटिस्टने तुमच्या दातात भरलेलं ते पांढरं सिमेंट, या सगळ्यांत दगडाची नाहीतर काचेची पूड असते. ती मुद्दाम, हिशेबाने घातलेली असते. दातात भरतात त्या मसाल्यात तर वजनाने ७० ते ८० टक्के पूडच असते. तरी तो दात चणे-फुटाणे फोडतो आणि खुर्ची मात्र पाव्हण्यासकट खाली येते. हे कसं?

उत्तर त्या पुडीच्या कणावर चढवलेल्या एका थरात आहे. तो इतका पातळ असतो की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही.

मुळात प्लॅस्टिकमध्ये दगड घालतात कशाला?

स्वस्त पडतं म्हणून, हे खरं आहे. पण वाटतं तितकं स्वस्त पडत नाही, आणि हा हिशेब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

खुर्च्या, डबे, बादल्या बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, ज्याला धंद्यात नुसतं 'पीपी' म्हणतात. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, एका घन सेंटिमीटरला साधारण ०.९ ग्रॅम. चुनखडीची पूड त्याच्या तिप्पट जड, म्हणजे २.७ ग्रॅम. आता साचा भरायचा असतो तो आकारमानाने, वजनाने नाही. एक किलो पीपी साधारण १.१ लिटर जागा भरतं. एक किलो पूड भरते जेमतेम ०.३७ लिटर. म्हणजे एक किलो दगड घालून वाचतं फक्त तिसरा हिस्सा किलो प्लॅस्टिक, आणि वर खुर्ची जड होते ती वेगळीच. वजनावर विकणाऱ्याला हे परवडतं. नगावर विकणाऱ्याला हिशेब करावा लागतो.

त्यामुळे शहाणा कारखानदार पूड घालतो ती दुसऱ्या कारणांसाठीही. प्लॅस्टिक लवचिक असतं, दगड कडक. पूड मिसळली की वस्तू वाकायला कमी तयार होते. साच्यात थंड होताना पीपी आकसतं, ते आकसणं पुडीमुळे कमी होतं, त्यामुळे झाकण डब्याला नीट बसतं. दगडातून उष्णता लवकर बाहेर पडते, म्हणून साचा लवकर थंड होतो आणि तासाला जास्त नग निघतात. गाडीच्या बंपरमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये घालतात ते शंखजिरे, म्हणजेच टाल्क. ते पापुद्र्यापापुद्र्याचं असल्यामुळे कडकपणा आणखी वाढवतं. राजस्थानात संगमरवर आणि शंखजिरे या दोन्हींच्या मोठ्या खाणी आहेत, आणि तिथला दगड फक्त फरशी आणि टाल्कम पावडर होण्यापुरता निघत नाही.

मग अडचण कुठं येते?

पिठल्यात गुठळ्या का होतात?

उकळत्या पाण्यात थेट बेसन टाकलं तर काय होतं हे होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही विचारा. गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरडं पीठ.

वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये दगडाची पूड टाकली की हेच होतं, फक्त आणखी वाईट. चुनखडीच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं. हवेतला ओलावाही ती धरून ठेवते. पीपी आणि पॉलिथिन मात्र मेणाच्या नात्यातले, तेलकट स्वभावाचे. त्यांना पाण्याशी आणि पाणी आवडणाऱ्यांशी घेणंदेणं नसतं. त्यामुळे दगडाचे कण प्लॅस्टिकमध्ये पसरायच्याऐवजी एकमेकांना चिकटून बसतात.

कण जितका बारीक तितकी ही चिकटाचिकटी जास्त, कारण पृष्ठभाग वाढतो. किती वाढतो? एक सेंटिमीटर बाजूचा दगडाचा ठोकळा घ्या, लुडोच्या फाशाएवढा. त्याचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच एक-एक मायक्रॉनचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग होतो ६ चौरस मीटर. फाशाएवढ्या दगडाला एका छोट्या खोलीएवढी फरशी फुटली. या सगळ्या फरशीवर प्लॅस्टिकला नीट बसायचंय, आणि त्याला तिथं बसायची इच्छाच नाही.

गुठळी राहिली की ती वस्तूच्या आत एका खड्यासारखी असते. आतला भाग कोरडा, प्लॅस्टिक तिथं पोचलेलंच नाही. तुम्ही खुर्चीवर टेकलात की सगळा ताण अशा खड्याभोवती जमतो, तिथून तडा सुरू होतो आणि पाय तुटतो. पाण्याच्या दाबाखाली असलेल्या पाइपचंही तसंच. शेतात पुरलेला पाइप फुटला की दोष बहुधा दाबाला नाहीतर जोडणीवाल्याला जातो, आतल्या गुठळीचा पत्ता कुणाला लागत नाही.

रवा तुपात भाजतात, अगदी तसंच

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोज होतो. शिरा करताना रवा आधी तुपात परततात. प्रत्येक दाण्यावर तुपाचा हात फिरतो, मग गरम पाणी किंवा दूध ओतलं तरी दाणे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

चुनखडीच्या पुडीला हेच करतात, फक्त तुपाच्या जागी स्टिअरिक ॲसिड असतं. नाव भीतीदायक असलं तरी प्रकरण साधं आहे. हे एक फॅटी ॲसिड, पाम तेलातून नाहीतर जनावराच्या चरबीतून काढलेलं. मेणबत्तीत, साबणात ते वापरतात. थोडं तुपातही असतं. ६९ अंश सेल्सियसच्या आसपास ते वितळतं. गरम केलेली पूड वेगाने फिरणाऱ्या मिक्सरमध्ये टाकायची, त्यात वजनाच्या साधारण १ ते ३ टक्के स्टिअरिक ॲसिड घालायचं आणि घुसळायचं. पूड जितकी बारीक तितकं ॲसिड जास्त, कारण तीच वरची फरशीची गोष्ट.

आत जे घडतं ते मात्र नुसतं तूप चोळण्यापेक्षा पक्कं असतं. स्टिअरिक ॲसिडच्या रेणूला एक डोकं असतं आणि १७ कार्बनची लांब शेपूट. डोकं दगडातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं, तेलकट शेपूट बाहेर राहते. तयार होतं ते कॅल्शियम स्टिअरेट. ते तुम्ही पाहिलेलं आहे. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर बसतो ना? त्यातला मोठा भाग याच जातीचा. आई जो थर घासून घासून वैतागते, तोच इथं पैसे देऊन चढवला जातो.

थर चढला की पुडीचा स्वभाव पालटतो. साधी चुनखडी पाण्यात टाकली की बुडते आणि पाणी दुधाळ होतं. थर चढलेली पूड पाण्यावर तरंगते. दगड तोच, तिप्पट जडही तोच, पण पाणी त्याला ओलं करू शकत नाही म्हणून तो वरच राहतो. पुडीला आवरण किती नीट चढलंय हे बघायला या तरंगण्याचाच आधार घेतात.

जास्त घातलं तर आणखी चांगलं, असंही नाही. एका थरापुरतं लागतं तेवढंच चिकटतं. उरलेलं मोकळं फिरतं, प्लॅस्टिकला बुळबुळीत करतं आणि हळूहळू वस्तूच्या पृष्ठभागावर येऊन बसतं.

सोडून देणारा कण

आता इथं एक गोष्ट खटकायला हवी. कणाच्या बाहेर तेलकट शेपट्या आहेत, प्लॅस्टिकही तेलकट. म्हणजे दोघं शेजारी गुण्यागोविंदाने राहतील. पण एकमेकांना धरून ठेवतील का?

नाही ठेवणार. स्टिअरिक ॲसिडचा थर कणाला आणि प्लॅस्टिकला जोडत नाही. पकड उलट कमीच करतो. आणि खुर्ची, पाइप, क्रेट अशा मार खाणाऱ्या वस्तूंमध्ये नेमकं हेच कामाला येतं. मला या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, कारण आपली सहज समजूत असते की चिकटून राहणं म्हणजे मजबूत असणं.

होतं असं. वस्तूवर फटका बसला की कणाभोवतीचं प्लॅस्टिक ताणलं जातं. कण घट्ट चिकटलेला असेल तर तिथलं प्लॅस्टिक मोकळेपणी ताणलं जाऊ शकत नाही आणि तडकतं. कण सहज सुटला तर त्याच्याभोवती एक सूक्ष्म पोकळी तयार होते. अशा लाखो पोकळ्या एकदम तयार झाल्या की त्यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या मोकळ्या होतात, रबरासारख्या ताणल्या जातात आणि फटक्याची ऊर्जा गिळून टाकतात. प्लॅस्टिकचा कडक तुकडा वाकवल्यावर घडीच्या जागी पांढरा पट्टा उमटतो, तो बहुतेक वेळा अशाच पोकळ्यांचा असतो. पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून पांढरं दिसतं.

अमेरिकेतल्या एमआयटीतले अली आर्गोन, रॉबर्ट कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हे पॉलिथिनवर दाखवलं. त्यांनी कॅल्शियम स्टिअरेटचा थर असलेली चुनखडी वापरली. एक मायक्रॉनपेक्षा बारीक कण घातले तेव्हा फटका सोसण्याची ताकद कितीतरी पटीने वाढली. साडेतीन मायक्रॉनचे जाडे कण घातले तेव्हा तसा फायदा झाला नाही. मोठ्या कणाभोवतीची पोकळीही मोठी, आणि मोठी पोकळी म्हणजे तड्याची सुरुवात. म्हणजे थर हवा, पूड बारीक हवी आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली हवी. यातलं एक जरी चुकलं तरी हाती उरतो तो नुसता दगड.

याची किंमतही मोजावी लागते. कण सुटणारे असले की वस्तू खेचून तोडायला लागणारा जोर थोडा कमी होतो. खुर्चीला ते चालतं. दाताला चालत नाही.

दातात मात्र सोडून चालत नाही

दातात पूर्वी काळपट, चांदीसारखं भरायचे. ते अमाल्गम, म्हणजे चांदी वगैरे धातूंची भुकटी आणि जवळजवळ निम्मा पारा. पांढऱ्या रंगाचे पर्याय होते, पण ते तोंडात टिकत नसत. प्लॅस्टिकमध्ये काचेची किंवा क्वार्ट्झची पूड घालून पाहावी हे सुचायला अवघड नव्हतं. अवघड होतं ती पूड आत टिकवणं. लाळ, गरम चहा, लगेच थंड पाणी, वर चावण्याचा जोर. पुडीची आणि प्लॅस्टिकची पकड नसेल तर दोघांच्या फटीत पाणी शिरतं आणि कण एकेक करून बाहेर पडतात.

राफेल बोवेन हे अमेरिकेतले संशोधक होते. दात भरण्यासाठी एक नवं रेझिन बनवून त्यात सिलिकाची पूड घालायची, अशी त्यांची कल्पना होती. सिलिका म्हणजे वाळूचाच शुद्ध भाऊ. १९६२ साली त्यांना या मसाल्याचं पेटंट मिळालं, आणि त्यात सिलिका नुसती नव्हती. तिच्यावर 'सिलेन'चा थर चढवलेला होता.

सिलेन म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ, दोन्ही घरी ऊठबस असलेला. रेणूच्या एका टोकाला सिलिकॉन असतं. ते काचेच्या किंवा सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना धरतं. दुसरं टोक त्या-त्या प्लॅस्टिकच्या मापाचं बनवून घेतात. डेंटिस्ट निळा दिवा लावतो, मसाला कडक होतो, तेव्हा सिलेनचं हे दुसरं टोक त्या कडक होणाऱ्या जाळ्यातच विणलं जातं. आता कण आणि प्लॅस्टिक वेगळे करायचे तर बंधच तोडावा लागेल.

तोही कधीतरी तुटतो. पाणी वर्षानुवर्षं या बंधावर काम करत राहतं. पांढरं फिलिंग कायमचं नसतं त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

हा मध्यस्थ दातांसाठी जन्मलेला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत काचेचे तंतू आणि रेझिन यांच्यापासून हलके, मजबूत भाग बनू लागले होते. कोरडे असताना ते उत्तम, पण पाण्यात राहिले की ताकद झपाट्याने उतरायची, कारण पाणी तंतू आणि रेझिनच्या सांध्यात शिरायचं. तंतूंना सिलेन लावल्यावर हा प्रश्न आटोक्यात आला. कोकणात आणि गोव्यात आज मासेमारीला ज्या फायबरच्या होड्या जातात, त्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात तग धरतात त्यामागे काचेच्या धाग्यावरचा हा थरही असतो.

मग सगळीकडे सिलेनच का नाही वापरत? एक तर ते स्टिअरिक ॲसिडपेक्षा बरंच महाग. दुसरं म्हणजे चुनखडीवर ते धड बसतच नाही. काचेवर ज्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, त्या चुनखडीच्या पृष्ठभागावर तशा नसतात. मध्यस्थाला एका घरात शिरायला दारच नाही. म्हणून पुडीला जोडीदार निवडताना आधी पूड कोणती ते बघतात, मग प्लॅस्टिक कोणतं, आणि मग वस्तूने काय सोसायचंय ते.

आणि वायर?

याचं एक टोकाचं उदाहरण तुमच्या भिंतीपलीकडे असू शकतं. मेट्रो स्टेशनांसारख्या गर्दीच्या बंदिस्त जागांसाठी अशा केबल बनवतात ज्या पेटल्या तरी दाट, विषारी धूर करत नाहीत. त्यांच्या आवरणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड असते. तिची करामत अशी की २०० अंशांच्या आसपास ती फुटते आणि स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी वाफ म्हणून सोडते. आगीवर आतूनच पाणी.

पण हे काम करायला आवरणात वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास पूड लागते. इतकी कोरडी पूड प्लॅस्टिकमध्ये कोंबली तर केबल वाकवताच आवरण तडकेल. कणांवर सिलेन किंवा फॅटी ॲसिडचा थर असतो म्हणून ती गुंडाळता येते, भिंतीतून ओढता येते. इथं थर बसवण्यात कंजुषी झाली तर तडा गेलेल्या जागी शॉर्ट सर्किटची भीती, म्हणजे जी वस्तू आगीसाठी बनवली तिथूनच आग.

मग दुकानात कळणार कसं?

थोडंफार कळतं, सगळं नाही.

पीपीची तुटलेली वस्तू घरात असेल (खाली त्रिकोणात ५ आकडा किंवा 'पीपी' लिहिलेलं असतं) तर तिचा एक तुकडा पाण्यात टाका. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नको, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब घाला. निव्वळ पीपी तरंगतं. बुडालं तर समजा त्यात साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त दगड आहे. हा आकडा वर दिलेल्या वजनांवरूनच निघतो. ही चाचणी पीव्हीसी पाइपवर करू नका. पीव्हीसी मुळातच पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडणारच.

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत याच प्रश्नाचं उत्तर भट्टीत शोधतात. मोजलेला तुकडा जाळायचा. प्लॅस्टिक जळून जातं, दगड मागे उरतो, तो तोलायचा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५ हे भारतीय मानक आहे. पाइप घेताना त्यावर हा क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का दोन्ही आहेत का ते बघा. उचलून बघण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

दगड किती हे असं कळतं. त्यावर थर होता का, नीट बसला होता का, हे ना पाण्यात कळतं ना वजनात. थोडा अंदाज तुटलेल्या कडेवरून येतो. कड काचेसारखी सरळ, कोरडी तुटली असेल आणि आत बारीक पांढरे ठिपके दिसत असतील तर गुठळ्यांचा संशय घ्यायला जागा आहे. कड ओढल्यासारखी, पांढुरकी आणि धागे सुटलेली असेल तर तुटण्याआधी तिने झुंज दिलेली असते.

थराचं श्रेय जास्तही फुगवायला नको. गच्चीवर दोन उन्हाळे काढलेल्या खुर्चीवरून हात फिरवला की पांढरी पूड लागते. ती उन्हाने वरचं प्लॅस्टिक खाल्ल्यामुळे उघडी पडलेली असते, आणि त्यावर उपाय म्हणजे ऊन सोसणारी वेगळी रसायनं. तसंच पुन्हा पुन्हा वितळवलेल्या भंगार प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या आधीच तुटून आखूड झालेल्या असतात. अशा दाण्यात कितीही निगुतीने तुपात परतलेली पूड घातली तरी ताणली जायला साखळीच उरलेली नसते, आणि कण सुटल्यावर जी पट्टी ऊर्जा गिळणार होती तीच आधी तुटते.